पुसलेला आकडा

माझ्या जुन्या कंपासपेटीत अंडरटेकरचं एक ट्रम्प कार्ड आहे. कोपरे झिजून गोल झालेत, मधोमध घडीची पांढरी रेघ, आणि ‘फाइट्स वन’चा, म्हणजे जिंकलेल्या लढतींचा, छापील आकडा बोटं लागून लागून पार पुसलेला.

नव्वदीच्या दशकात भातकुलीत, आमच्या ओसरीवर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांच्या या पत्त्यांचा डाव रोज रंगायचा. गठ्ठ्यातलं वरचं पान ज्याचं त्याला दिसे. त्यावरची एखादी ओळ पुकारायची; ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचं पान घ्यायचं. योकोझुना आला की वेट, पाचशे पौंडांपुढे टिकणार कोण? रँकमध्ये मात्र उलटं, तिथं लहान आकडा जिंके. अंडरटेकर आला की पोरगं बुबुळं वर फिरवून उभं राही. तेवढ्या वेळापुरतं ते खरंच अंडरटेकर असे.

एका दुपारी मित्राजवळ शेवटचं पान उरलं होतं. मी या अंडरटेकरच्या पानावरचं ‘फाइट्स वन’ पुकारलं आणि आकडा वाढवून सांगितला. पान दाखवायचा नियम होता, पण दाखवायला तिथं काही उरलंच नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते आकडे पाठ होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पान पुढं केलं. “घे, तुहा झाला.”

त्याच रात्री आजीनं रुक्मीची गोष्ट सांगितली. कृष्णाकडून हरलेला रुक्मी कौंडिण्यपूरला परतलाच नाही, त्यानं भोजकट वसवलं. ते भोजकट म्हणजे आपली भातकुली, असं आमच्याकडे मानतात. नातीच्या लग्नात तो बलरामाशी फाशांचा डाव मांडून बसला. डाव बलरामानं जिंकला, रुक्मी म्हणाला, माझा. आकाशवाणी झाली, तरी ऐकेना. बलरामानं त्याला तिथंच मारलं, आणि दात काढून हसलेल्या कलिंगराजाचे दात पाडले. “अथीच खेयले होते थे,” आजी म्हणाली. मी अंधारात जिभेनं आपले दात चाचपत राहिलो.

पुढं सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा पाहिली. लाखेची चकाकी असलेली गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, एकूण १२०. दिवसा रामाचा राजा हाती असणारा डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. आकड्यांच्या पानांत अर्ध्या रंगांत दश्शा मोठा, उरलेल्यांत एक्का. लहान आकड्याचा हा मान मला ओसरीवरूनच ठाऊक होता. देवांची ती पानं बघताना डोळ्यांपुढं आलं ते मात्र मित्राचं पुढं केलेलं पान.

गेल्या दिवाळीत भातकुलीला गेलो, तेव्हा कार्ड खिशात होतं. मित्राचं आता बी-बियाण्याचं दुकान आहे. मी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, “त्या दिवशी मी खोटं बोललो होतो.”

“मालूम होतं न,” तो म्हणाला. कार्ड हातात न घेताच त्यानं खरा आकडा सांगितला, आणि बिलबुकातला पेन माझ्यापुढं सरकवला. पुसलेल्या जागेवर मी तो लिहून घेतला.