हायवे १० च्या उत्तरेला : पन्नास एकर, धोंडे आणि डिझेलवरचा 'सर्जा'

मिसिसागाहून हायवे १० धरून उत्तरेकडे निघालं, की ऑरेंजव्हिलपर्यंत आपण अजून 'आपल्याच' मुलखात असतो. टिम हॉर्टन्स, कॉस्टको, ओळखीच्या पाट्या. शेलबर्न गेलं की मेलँक्थनच्या पवनचक्क्या दिसू लागतात, वारा गाडीला ढुशा देऊ लागतो आणि रस्ता हळूहळू चढत डंडॉकच्या पठारावर येतो. दक्षिण ओन्टारिओतला हा सर्वांत उंच टापू. पुढे फ्लेशर्टन, मार्कडेल, चॅट्सवर्थ आणि शेवटी जॉर्जियन बेच्या काठावरचं ओवेन साउंड. मार्कडेलचं नाव आपल्या मुलांना पाठ असतं, ते तिथल्या चॅपमन्सच्या आइस्क्रीममुळे! पण मंडळी, आज आइस्क्रीमबद्दल लिहायचं नाही. ग्रे काउंटीतल्या धोंड्यांबद्दल, आणि त्या धोंड्यांतून वाट काढणाऱ्या एका डिझेल गाडीबद्दल लिहायचं आहे.

ही मुळात सोगीन ओजिब्वे लोकांची भूमी. १८३६ च्या करारानंतर ती वसाहतीसाठी खुली झाली आणि १८४० च्या दशकात ओवेन साउंडकडे जाणाऱ्या रस्त्यांलगत सरकारने स्थायिकांना पन्नास-पन्नास एकर जमीन फुकट दिली. फुकट मिळाली म्हणजे स्वस्तात पडली असं नव्हे. हिमयुगातल्या बर्फाने वाहून आणलेले दगडगोटे इथल्या मातीत खच्चून भरलेले आहेत. दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि वसंतात नवे धोंडे वर ढकलते. इथले शेतकरी थट्टेने म्हणतात, की आमचं खात्रीचं पीक एकच, दगड! पिढ्यान् पिढ्या वेचलेले हे दगड बांधाबांधाने रचलेले दिसतात. साताऱ्याकडच्या ताली ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही.

आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर इथेच पन्नास एकर घेतले. मूळचे कराडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, इकडे तीस वर्षं कारखान्यात काढलेले. वीस एकर शेजारचा शेतकरी गवतासाठी कसतो. उरलेल्यात जंगल, एक ओढा आणि सीडरची दलदल. जंगलात मेपल आहेत आणि मुख्य म्हणजे ॲश. या ॲशनेच सगळी गोष्ट सुरू झाली.

एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा आशियातून आला. २००२ साली तो डेट्रॉइट आणि विंडसरच्या परिसरात प्रथम सापडला आणि नंतर ओन्टारिओभर पसरला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडतात, झाडाचा रस तुटतो आणि दोन-चार वर्षांत भला मोठा वृक्ष उभ्याउभ्या मरतो. मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो. वारा नसतानाही वरची फांदी खाली येते. म्हणजे ही झाडं वेळेत पाडली नाहीत तर पायवाटेवरून चालणंच धोक्याचं. पाडण्याचं काम स्नेही परवानाधारक माणसाकडून करून घेतात. पण पाडलेलं लाकूड घरापर्यंत आणायचं कसं? ते विकायला दूर नेणंही बरं नव्हे, कारण सरपणाबरोबर कीडही प्रवास करते. तेव्हा जिथलं लाकूड तिथेच जाळायचं.

पिकअप ट्रक जंगलात शिरत नाही. ट्रॅक्टर शिरतो, पण अरुंद वाटेवर वळताना मेपलची सालं सोलतो. म्हणून स्नेह्यांनी एक जुनी, नारिंगी, डिझेलवरची साइड-बाय-साइड घेतली. दोन माणसं शेजारी बसतात, मागे हायड्रॉलिकने उचलला जाणारा हौदा, चारही चाकांना जोर. क्युबोटाने २००४ च्या सुमारास या जातीची आरटीव्ही ९०० बाजारात आणली. तीन सिलिंडर, जेमतेम बावीस हॉर्सपॉवर, वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास आणि हौद्यात सुमारे पाचशे किलो. वहिनींनी तिचं नाव ठेवलं 'सर्जा'. कराडकडे पोळ्याऐवजी बेंदूर; त्या दिवशी सर्जाच्या बॉनेटवर हळदकुंकू आणि समोर पुरणपोळीचा नैवेद्य असतो. शेजारचे स्कॉटिश वंशाचे आजोबा त्या दिवशी न चुकता येतात, बहुधा पुरणपोळीसाठी!

बावीस हॉर्सपॉवर ऐकून आमच्या मुलाने नाक मुरडलं. त्याला आम्ही सांगितलं, बाबा रे, हॉर्सपॉवर पळण्यासाठी, ओढण्यासाठी लागतो टॉर्क. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते, आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हे इंजिन कमी फेऱ्यांतच चांगला जोर देतं. धोंड्यावर चाक टेकवून सावकाश चढायचं असेल तर हेच हवं. पेट्रोलचं यंत्र हलकं, स्वस्त आणि चपळ; दलदलीत तेच बरं, कारण डिझेलचं वजन चिखलात रुततं. रोज भार वाहायचा असेल तर डिझेल, फेरफटका मारायचा असेल तर पेट्रोल, असा साधा हिशेब आहे.

हिवाळ्यात मात्र डिझेलचे लाड करावे लागतात. उन्हाळी डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून थंडीपूर्वी टाकीत हिवाळी डिझेल भरायचं आणि रात्री ब्लॉक हीटर लावून ठेवायचा. शेतीसाठी इथे करमुक्त डिझेल मिळतं, ते ओळखू यावं म्हणून लाल रंगवलेलं असतं. ते रस्त्यावरच्या गाडीत घातलं तर गुन्हा.

जीपशी आपलं नातं जुनं आहे. महिंद्रने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे डिझेलच्या जीपा महाराष्ट्रभर 'वडाप' म्हणून धावल्या. स्नेही पाटण खोऱ्यातल्या वडापच्या फुटबोर्डवर लटकून कॉलेजला गेलेले. त्यामुळे २०१८ साली महिंद्रने मिशिगनमध्ये ऑबर्न हिल्सला 'रॉक्सर' आणली तेव्हा आम्हां सगळ्यांची छाती फुगली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ६२ हॉर्सपॉवर, पाच गिअर, पोलादी अंग, पण रस्त्यासाठी नव्हे, रानासाठी. जीपची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने रूपसाम्यावरून तक्रार केली, २०२० साली निर्णय महिंद्रच्या विरुद्ध गेला आणि गाडीचा चेहरा बदलावा लागला. स्नेही म्हणाले, "नाव काय नि तोंड काय, इंजिन वडापचंच!"

आता खरी गोष्ट. जंगलाच्या पूर्वेला एक उतार आहे, पंधरा अंशांचा. त्याच्या पलीकडे पाडलेले ॲश होते. गेल्या ऑक्टोबरात आम्ही मदतीला गेलो होतो. वळसा घालून जायला दहा मिनिटं जास्त लागतात, म्हणून स्नेह्यांनी भरलेला हौदा घेऊन उतार आडवा कापला. वरच्या बाजूचं मागचं चाक पाचोळ्याखालच्या धोंड्यावर चढलं आणि सर्जा कलला. दोन चाकं हवेत. क्षणभर कुणाचाच श्वास चालेना. हौद्यातले वरचे ओंडके गडगडत खाली गेले, भार हलका झाला आणि गाडी परत चार पायांवर आली. पट्टा बांधलेला होता, डोक्यावर लोखंडी सांगाडा होता, पण त्या ओंडक्यांच्या वाटेत कुणी उभं असतं तर?

संध्याकाळी स्टोव्हजवळ बसून आम्ही कागदावर गणित मांडलं. चाकांतलं अंतर सुमारे १२० सेंटिमीटर, धोंडा २५ सेंटिमीटरचा; एवढ्यानेच गाडी आणखी बारा अंश कलते. उताराचे पंधरा मिळवले की सत्तावीस. त्यात लाकूड हौद्याच्या वर रचलेलं, म्हणजे गुरुत्वमध्य उंच. कंपनी सांगते ते पाचशे किलो सपाट जमिनीसाठी असतात, डोंगरासाठी नव्हे.

वहिनी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, आता माझं गणित करा." चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब म्हणजे एक बुश कॉर्ड. उभ्याने वाळलेल्या ॲशचा तो दीड टनाच्या वर भरतो, समजा सोळाशे किलो. पाचशे किलोंच्या चार खेपा, साडेतीनशेच्या पाच. घराला वर्षाला पाच कॉर्ड लागतात. म्हणजे वीस खेपांऐवजी पंचवीस. "वर्षातून पाच खेपा वाचवायला हे उतारावर जातात!" स्नेही काही बोलले नाहीत.

प्रश्न पाच खेपांचा नव्हताच. कॅलगरीचा मुलगा दर फोनला म्हणतो, जमीन विका, बंगला बंद करा, कॉन्डो घ्या. स्नेह्यांना वाटतं, काम हळू झालं की मुलाचंच खरं ठरेल. वहिनींचं म्हणणं नेमकं उलटं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तरण्यासारखे वागलात तर एका दिवसात विकावी लागेल. म्हाताऱ्यासारखे वागलात तर अजून दहा वर्षं टिकेल."

त्या रात्री नियम ठरले. भरलेला सर्जा उतारावर आडवा जाणार नाही. जायचं तर सरळ चढ, सरळ उतार. लाकूड हौद्याच्या काठाच्या खाली. पट्टा नेहमी. एकट्याने जंगलात जायचं नाही. पूर्वेच्या उतारावरची वाटेपासून दूर असलेली झाडं तशीच राहू द्यायची, सुतारपक्ष्यांना. आणि गाडी वहिनी चालवणार! हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, क्लच नाही, गुडघ्यांना त्रास नाही. हिवाळ्याआधी पंचविसाच्या पंचवीस खेपा त्यांनी पुऱ्या केल्या, स्नेही शेजारी बसून धोंडे दाखवत होते. मुलगा नाताळात आला, आईशेजारी बसून जंगलात एक फेरी मारून आला. जमीन विकण्याचा विषय त्याने या वेळी काढला नाही. पुढे काढणार नाही असं कुणी समजू नये.

आपल्यापैकी बरीच मंडळी आता साठीकडे झुकताहेत आणि अनेकांच्या डोळ्यांपुढे असा एखादा तुकडा असतो. घ्यायचा तर उन्हाळ्यात पाहू नका, एप्रिलमध्ये बर्फ वितळताना पाहा. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच कळतं. जुनी डिझेल गाडी घेताना इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. आणि जोडीदाराला विचारा, खेपा किती करायच्या.

मार्चमध्ये मेपलचा रस सुटतो. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप. वाहून आणायला सर्जा आहे, जाळायला ॲश आहे, पण बादल्या रिकाम्या करायला माणसं हवीत. वहिनींनी सगळ्यांना आमंत्रण दिलंय. गमबूट आपापले आणावेत.