वखारीतली पोरे आणि संगणकाचे ठोकळे

मंडळी, आज जरा लांबच्या गावी जाऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बॉस्टन हे बंदराचे शहर आहे. तिथे पाण्याच्या काठी ४० फूट उंचीची दुधाची बाटली उभी आहे. एवढी मोठी गाय कुठली, असे विचारू नका. मूळची ती आइस्क्रीमची टपरी! शेजारी लोकर साठवायची जुनी, विटांची वखार आहे. तीत मुलांचे संग्रहालय आले, आणि १९८४ ते १९९९ या काळात संगणकांचे संग्रहालयही तिथेच होते.

तिथली एक गोष्ट ऐका. एकदा शाळेच्या सुट्टीत नॅटली रस्क आणि मिचेल रेस्निक यांनी मुलांना खेळण्यातल्या ठोकळ्यांची यंत्रे जोडायला आणि ती संगणकाने चालवायला शिकवले. सुट्टी संपली, वर्गही संपला. पुढे काही दिवसांनी सूचना निघाली की, काही पोरे चोरून आत शिरतात, लक्ष ठेवा. पाहतात तो तीच मुले! त्यांना काही न्यायचे नव्हते, पुढचे शिकायचे होते. मग १९९३ साली तिथेच गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर यायची हक्काची जागा सुरू झाली.

मुलांना स्वतःचे खेळ आणि गोष्टी संगणकावर रचायच्या होत्या. पण संगणकाच्या भाषा अवघड. एक चिन्ह चुकले की सारे अडले. म्हणून नदीपलीकडे केंब्रिज गावी, एम.आय.टी. विद्यापीठात, रेस्निक यांच्या गटाने ठोकळ्यांची भाषा तयार केली. २००७ साली ती सर्वांना खुली झाली. तिचे नाव 'स्क्रॅच'.

इथे हुकूम लिहायचे नाहीत, जोडायचे. प्रत्येक हुकमाचा रंगीत ठोकळा असतो आणि तो बसेल तिथेच बसतो. पडद्यावर एक मांजर असते. 'लेखणी टेकव' म्हणा. मग '१०० पावले चाल' आणि '९० अंश वळ' हे दोन ठोकळे '४ वेळा कर' या ठोकळ्याच्या पोटात घाला. झाला चौकोन!

आता त्रिकोण काढा. पुस्तकात कोन ६० अंशांचा, म्हणून मूल ६० घालते आणि आकृती उघडीच राहते. अशा वेळी उत्तर सांगू नका. त्याला अंगणात चालायला लावा. सरळ जाणारा गडी कोपऱ्यावर किती फिरतो? १८० तून ६० गेले, १२०! हे पायांनी शिकलेले गणित मूल विसरत नाही.

दुसऱ्याने केलेले खेळ मोबाइलवर पाहत बसणे वेगळे आणि यंत्राला स्वतः हुकूम देणे वेगळे. स्क्रॅच फुकट आहे. संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते. आपल्या शाळेतली संगणकाची खोली कुलूपबंद असेल, तर गुरुजींना भेटून ती उघडायला सांगा. शिकण्यासाठी आपल्या पोरांवर चोरून शिरायची पाळी येऊ नये.