मातीच्या किल्ल्यावर उमटणारे मन

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात पुण्यातील कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात किल्ल्यावरची मातीची चित्रे विक्रीस मांडलेली असतात: सिंहासनावरील शिवराय, मावळे, गवळणी आणि गुहेत बसवायचा वाघ. तेथून शनिवार, नारायण, सदाशिव पेठांत फिरावे, तर उरल्यासुरल्या वाड्यांच्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत दगडमातीचे किल्ले उभे राहताना दिसतात. मुलांच्या या खेळाचे नाते एका उपचारपद्धतीशी आहे.

डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली लंडनमध्ये भावनिक व वर्तनविषयक अडचणी असलेल्या मुलांसाठी दवाखाना काढला. वाळूचे तबक आणि माणसे, प्राणी, घरे यांच्या लहान प्रतिकृती त्या मुलांपुढे ठेवीत. मुले त्यांतून आपापले ‘जग’ मांडत. आजही क्रीडोपचारात वाळू, बाहुल्या, भातुकली, चित्रे यांचा उपयोग होतो.

सहा वर्षांच्या मुलाला भीती वा दुःख शब्दांत मांडणे अवघड जाते. आजोबांच्या निधनानंतर अबोल झालेले मूल रोज त्याच बाहुलीला आजारी पाडते आणि बरे करते. प्रत्यक्षात जे त्याच्या हाती नव्हते, ते खेळात त्याच्या हाती येते. प्रशिक्षित उपचारक घाई न करता त्याच्याजवळ बसतो, त्या भावनेला नाव देतो आणि कोणालाही इजा होणार नाही एवढी मर्यादा सांभाळतो.

घरातील आजी-आजोबांनाही यातून काही घेता येईल. मातीचा किल्ला असो वा तुळशीबागेतून आणलेली भातुकली, रोज अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून नातवंडाजवळ बसावे. गुडघे दुखत असल्यास खेळ टेबलावर मांडावा. खेळ कसा चालेल, हे मुलाने ठरवावे. ‘हा मावळा एकटाच राहिला वाटते’, एवढेच म्हणावे. उलटतपासणी करू नये. एका दिवसाच्या खेळावरून निष्कर्षही काढू नये.

मात्र हा सहवास म्हणजे उपचार नव्हे. झोप, भूक किंवा शाळेत जाणे काही आठवडे बिघडलेलेच राहिले, थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर बालरोगतज्ज्ञांना वा बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. मूल स्वतःला इजा करू लागले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

एरवी किल्ल्याचा बुरूज वाकडा झाला, तर तो तसाच राहू द्यावा.