वार आणि सुनेवरचा आळ

सातव्या महिन्यात सुनेचा रक्तदाब चढला, अंगावर सूज आली, की गुलमंडीतील पेढीवाल्या घरांतही बोट आधी तिच्या खाण्यापिण्याकडे वळते. हा आळ अन्यायाचा आहे. प्रीएक्लॅम्प्सिया या विकाराचे मूळ बहुतांशी वारेत असते. म्हणूनच प्रसूतीत वार पडल्यावर तो ओसरू लागतो. आणि वार गर्भाबरोबरच घडत असल्याने तिच्यातील निम्मी जनुके पित्याची, म्हणजे दोष देणाऱ्या घराण्याचीच असतात!

वारेतील ‘एफएलटी-१’ हे जनुक प्रमाणाबाहेर सक्रिय झाले, की त्याचे प्रथिन मातेच्या रक्तात मिसळते आणि रक्तवाहिन्यांना निरोगी राखणारे घटक अडवून धरते. मग रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात. अनंत करुमंची यांच्या बोस्टनमधील गटाने २००३ मध्ये हे दाखवले. पुण्यात भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांनीही वारेवर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक भरला, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सासूबाईंनी सकाळची वाट न पाहता सूनबाईंना त्याच रात्री आपल्या डॉक्टरांकडे किंवा घाटी रुग्णालयात न्यावे.