नूसा नदीवरील एक दिवस

ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेनच्या उत्तरेस नूसा नदी समुद्रास मिळते. तेथें नूसाव्हिल येथें भाड्याची नाव मिळते, व ती आपली आपण हांकावयाची असते. अॅल्युमिनियमच्या दोन लांब पोकळ नळ्यांवर बसविलेला सपाट तक्ता, भोंवतीं कठडा, वर छत, मागें लहानसें यंत्र. तरंगती ओसरीच म्हणा ना! क्वीन्सलंडांत ४.५ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रास परवाना लागत नाहीं. हें ऐकतांच दादांनीं चक्र हातीं घेतलें. उजव्या अंगानें जावें, समुद्राच्या मुखाकडे फिरकूं नये, एवढें मालकानें बजावलें.

दशम्या निघाल्या, मुलें पेलिकन पक्षी मोजूं लागलीं. ओहोटी लागली आहे, असें धाकटे बंधू दोनदां म्हणाले. उथळ जागा दाखविणारा नकाशा तर आमच्याच मांडीवर होता. पण घरांत दादांस कधीं कोणी टोकलें नाहीं, तें नदीवर कोण टोकणार? आम्ही गप्प बसलों, आणि नाव वाळूंत रुतली.

अशा वेळीं यंत्राचा जोर उपयोगाचा नाहीं; पंखा वाळूच उपसतो. तें बंद करून वर उचललें, पुरुषमंडळी गुडघाभर पाण्यांत उतरली, भार हलका झाला, तेव्हां आल्या वाटेनें मागें रेटतां आली. उशीर होता तर भरती येईपर्यंत तेथेंच बसावें लागतें.

मातोश्री इतका वेळ बोलल्या नव्हत्या. "आतां तें धाकटीकडे दे. ती रोज मोटार हांकते."

दादांनीं मुकाट्यानें चक्र सोडलें. धाकट्या भावजयीनें आमच्याकडे हात केला, व आम्ही नकाशा पुढें केला.