मोहनाची वाटी

रात्रीचे साडेदहा. हिशेबाची वही मिटली, पण सकाळचं मनातून जात नाही.

पहिल्याच घाण्याची चकली तेलात विरघळली. मोहन जास्त पडलं होतं. सहा किलो भाजणी वाया गेली. चकलीवरच्या मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "मळतानाच हाताला कळलं होतं ताई. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

व्यवस्थापनाच्या पदविकेला मी एडवर्ड्स डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांवर पानंच्या पानं लिहिली होती. आठवा मुद्दा, माणसांच्या मनातली भीती घालवा, हा तर तोंडपाठ. 1950 मध्ये त्यांनी जपानी कारखानदारांना दर्जा राखायचे धडे दिले, हेही पाठ. टोयोटाच्या कारखान्यात साधा कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो. माझ्या पाच बायकांच्या स्वयंपाकघरात मात्र "थांबा" म्हणायची सोय नव्हती, आणि ती मीच ठेवली नव्हती. दिवाळीच्या घाईत आवाज चढतोच, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. ते खरं नव्हतं.

दुपारी सगळ्यांना चहाला बसवलं. चूक माझी, हे आधी सांगितलं. मोहनासाठी मापाची वाटी वेगळी काढली. पीठ मळलं की आधी एकच चकली तळून बघायची. काही बिघडतंय वाटलं तर कोणीही गॅस बंद करायचा, मला विचारायला थांबायचं नाही.

संध्याकाळी शेव पाडताना सगळ्यात धाकट्या मुलीने गॅस बंद केला. तेल धुरावलं होतं. शेव वाचली.