याच्यावर मोटार चालंल का?

वसुबारसेच्या संध्याकाळी माझा पुतण्या पुण्याहून नवी हॅरिअर ईव्ही घेऊन गावी आला, आणि भाऊबीज होईपर्यंत आमच्या घरी माणसांची रीघ लागली. फराळाचं निमित्त असायचं, पण नजर ओट्यासमोरच्या गाडीवर. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, मानवतच्या बाजूला. मी परभणीत शिक्षक; शेती थोरला भाऊ, आमचा दादा, बघतो. पुतण्या त्याचाच, हिंजवडीत नोकरीला.

गाडीची माहिती आधी सांगून टाकतो, कारण ती मला तोंडपाठ झाली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला पुतण्या तीच सांगायचा. टाटांनी ही गाडी 3 जून 2025 ला बाजारात आणली. सुरुवातीची किंमत 21 लाख 49 हजार, याची मात्र चारही चाकांना ओढ देणारी, दोन मोटारींची, 28 लाख 99 हजारांची; दोन्ही आकडे शोरूमचे. बॅटरी 75 युनिटांची. कागदोपत्री सव्वासहाशे किलोमीटर जाते, पण कंपनी स्वतःच रस्त्यावरचा आकडा साडेचारशे ते पाचशेच्या दरम्यान सांगते. पुण्याहून नगरला येऊन त्यानं एकदा चार्ज केली, चहा-मिसळ होईपर्यंत काम झालं, आणि पाथर्डी, माजलगाव, पाथरी करत घरी पोचला तेव्हा पस्तीस टक्के उरली होती.

"जर्मनीची हाय का?" पारावरून आलेल्या एकानं विचारलं.

"नाही काका, आपल्या पुण्याचीच."

"मग जगात जर्मनी अन् भारतात परभणी कसं म्हणावं?" असं म्हणून तो हसला आणि टायर दाबून बघू लागला. नवी गाडी बघताना टायर का दाबतात हे मला आजवर कळलेलं नाही.

हसणं तेवढंच. 2025 ची ती दिवाळी हसण्याची नव्हती. सप्टेंबरात पाऊस थांबायला तयार नव्हता, वरून जायकवाडीचं पाणी सुटलं, गोदाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. आमचं रान नदीपासून लांब, तरी सोयाबीन जागेवर कुजलं आणि कपाशीची खालची बोंडं काळी पडली. अशा वेळी अंगणात एकोणतीस लाखांची गाडी उभी करायची म्हणजे माझ्याच जिवाला जरा खटकत होतं. गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरानं मोबाइलवर हिशेब केला. कोरडवाहूला नुकसानभरपाई हेक्टरी साडेआठ हजार. त्यानं गाडीची किंमत भागली आणि आकडा मोठ्यानं वाचला, "तीनशे एक्केचाळीस हेक्टर." कुणी काही बोललं नाही. पुतण्या खाली बघत राहिला. पोराचं बोलणं पुतण्याला उद्देशून नव्हतं, हे मला कळत होतं, पण लागलं त्यालाच. रब्बीसाठी वेगळे हेक्टरी दहा हजार जाहीर झालेत, अशी दुरुस्ती मी केली. आता वाटतं, ती करायला नको होती. मास्तरकी कुठंही आड येते.

पुण्यात या गाडीवर काय बोलणं होतं ते पुतण्याकडून ऐकलं होतं. पडदा केवढा, सहा सेकंदांत शंभरचा वेग गाठते की नाही, पुढच्या तोंडवळ्यात जुनी डिझेल हॅरिअर जास्त दिसते का. आमच्याकडे यातलं एकही वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही. गावात प्रत्येकजण आपल्याला रोज जे छळतं त्याच्या बाजूनं गाडीकडे बघत होता.

काळी-पिवळी चालवणारा आमचा एक भावकीतला माणूस आहे. त्यानं दोनदा प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बंद पडली तर ढकलून चालू होती का?" होत नाही म्हटल्यावर त्याचं मत पक्कं झालं. जी गाडी चार माणसांनी ढकलून चालू होत नाही ती आपल्याकडची नव्हे. "बनी तो बनी, नहीं तो परभणी," असंही वर म्हणाला. ही म्हण तो कुठंही बसवतो.

मानवतला ज्यांच्याकडे दादाचा ट्रॅक्टर दुरुस्तीला जातो ते मिस्त्री मुद्दाम येऊन गेले. त्यांना बॉनेट उघडून हवं होतं. उघडलं तर इंजिनाऐवजी वर सामान ठेवायचा एक छोटा डबा. मिस्त्री बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिले. मग एकेक विचारत गेले. ऑइल? मोटारीला इंजिनासारखं बदलावं लागत नाही. क्लच? नाही. सायलेन्सर, नोझल, पंप, बेल्ट? नाही. "फिर हमारे वास्ते क्या रखा इसमें?" पुतण्या म्हणाला, ब्रेक आहेत, सस्पेन्शन आहे, बेअरिंग आहेत. आपल्या रस्त्यांवर सस्पेन्शनचं काम कधी संपायचं नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मला मिस्त्रींचा प्रश्न सगळ्यांत खरा वाटला.

वहिनींचं म्हणणं सरळ होतं: पायरी उंच आहे, लुगड्यावर चढता येत नाही. आमच्या आत्याला एसटीत डिझेलच्या वासानं उलट्या होतात, म्हणून तिला मुद्दाम पाथरीला साईबाबांच्या दर्शनाला नेलं. वास नव्हता, धूर नव्हता, आवाज नव्हता, आणि पाथरीच्या अलीकडे आत्याला मळमळलं. पायाखालचं पेडल सोडलं की ही गाडी मोटारीच्याच जोरावर वेग कमी करते आणि त्यातून थोडी वीज परत बॅटरीत भरते. ते सारखं ओढणं-सोडणं पोटाला लागतं. स्टिअरिंगमागच्या पट्टीनं पुतण्यानं ते कमी केलं आणि परतीचा प्रवास नीट झाला. आत्याचं मत विचाराल तर, "एसटीपरीस बरी, पर गाडीवाणी गाडी न्हाई."

चावीवरचं बटण दाबून त्यानं गाडी आत कुणी नसताना दोन हात पुढं सरकवली, तेव्हा पोरांनी गलका केला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते आवडलं नाही. "मालक खाली अन् गाडी चालू लालीय," एवढंच बोलले.

खरी परीक्षा चार्जिंगची निघाली. घरात पंधरा अँपिअरचा प्लग होता, गाडीसोबत चार्जर होता. जोडला तर लाल दिवा. अर्थिंगच नाही. आमचं घर बांधून इतकी वर्षं झाली, फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटार सगळं बिनअर्थिंगचं चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. वायरमनला बोलावलं. तो गावातलाच, दादाचा वर्गमित्र. दिवाळीत अंगणाच्या कडेला खड्डा खांदला, सळई पुरली, मीठ आणि कोळसा थरावर थर टाकला, वर पाणी ओतलं. पाणी ओतायला पोरांची रांग. हिरवा दिवा लागला तेव्हा फटाका फुटल्यागत ओरडले सगळे.

"आकडा टाकून चार्ज होती का?" मागून आवाज आला.

"आकड्याला अर्थिंग कुटून आणतो?" वायरमन म्हणाला.

हा वायरमन सगळ्यांत शांत आणि मला वाटतं सगळ्यांत शहाणा होता. गाडी घरच्या प्लगवर तासाला तीनेक युनिट ओढते, म्हणजे चार हॉर्सपॉवरच्या मोटारीएवढा भार. एक गाडी गावठाण फीडरला जड नाही. पाच झाल्या आणि सगळ्यांनी रात्री आठला लावल्या, तर डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काय होईल ते त्याला ठाऊक होतं. आणि डीपी जळाली की नवी यायला किती दिवस लागतात ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. राज्याचं नवं ईव्ही धोरण एप्रिल 2025 मध्ये मंजूर झालं, त्यात महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. पुतण्यानं हे सांगितलं तेव्हा वायरमन म्हणाला, "म्हामार्गाचं होईल. आमच्या शिवरस्त्याचं बोला." समृद्धीवर विजेच्या गाड्यांना टोल माफ आहे, हेही पुतण्यानं उत्साहानं सांगितलं. पुण्याहून मानवतला येताना समृद्धी लागत नाही.

दादा इतके दिवस काहीच बोलला नव्हता. पाडव्याला सगळे जेवून बसल्यावर त्यानं विचारलं, "याच्यावर मोटार चालंल का?"

पुतण्याला आधी प्रश्न समजला नाही. दादा विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलत होता. शेतीला आठ तास लाईट. एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. रात्रीच्या हप्त्यात थंडीत, विंचूकाट्यात दारे धरायला जायचं. पंचाहत्तर युनिट अंगणात उभे आहेत म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? आणि गंमत म्हणजे प्रश्न अगदीच वेडा नव्हता. या गाडीतून बाहेर वीज काढायची सोय खरंच आहे. पण वायरमननं बोटांवर गणित मांडलं. गाडी देते 3.3 केव्हीए, तेही सिंगल फेज. विहिरीवरची मोटार पाच हॉर्सपॉवरची, थ्री फेज. चालताना पावणेचार किलोवॉट आणि चालू होताना त्याच्या कितीतरी पट.

"मग कडबाकुट्टी?" ती दोन हॉर्सपॉवरची, सिंगल फेज. वायरमन विचारात पडला. सुरू होतानाचा झटका झेपेल असं त्याला वाटेना. पुतण्या घाईनं म्हणाला, "नको पप्पा, बॅटरीला आयुष्यभराची वॉरंटी आहे, उगाच काही झालं तर..." शेवटी फवारणीच्या पंपाचा चार्जर आणि दारावरच्या लाईटच्या माळा त्यावर लावल्या.

"म्हंजे एकोणतीस लाखाची गाडी तोरण लावाया झाली," दादा म्हणाला. ओट्यावर सगळे खूप दिवसांनी पोट धरून हसले, पुतण्याही.

माझं मत मला कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. गाडी चांगली आहे. आमच्या काळ्या रानात चिखलातून ती जशी निघाली तशी निघताना मी ट्रॅक्टरशिवाय दुसरं वाहन पाहिलेलं नाही. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर हिंडणाऱ्या आणि रात्री स्वतःच्या दारात प्लग असणाऱ्या पुण्यातल्या माणसाला ती परवडेलही. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के, तेवढ्याच मोठ्या डिझेल गाडीवर सप्टेंबर 2025 पासून चाळीस. पण परभणीत जो एकच गाडी घेणार आणि तिच्यातच अर्ध्या रात्री पेशंट घालून नांदेडला पळणार, त्यानं अजून थांबावं. अडचण गाडीची नाही, ती प्लगच्या अलीकडे आहे.

भाऊबीज करून पुतण्या गेला. नोव्हेंबरात दादाचा फोन आला. घराचं बिल शंभर युनिटांच्या पुढं गेल्यानं वरचा दर लागला होता. पोराला सांगू नको, म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलून त्यानं मुद्दा काढला. टाटांचाच विजेवरचा छोटा हत्ती निघालाय, एस प्रो, साडेसहा लाखांपासून, हे त्यानं वायरमनकडून ऐकलं होतं. बॅटरी चौदा-साडेचौदा युनिटांची, म्हणजे घरच्या प्लगवर रात्रीतून भरणार. मानवतच्या बाजारात भाजी न्यायची, गावातल्या चार जणांचा माल भाड्यानं घ्यायचा, येताना खताची पोती. डिझेलच्या टेंपोला खेपेला किती देतो ते त्यानं मला पै-पैशासह सांगितलं. परभणीत चौकशी कर म्हणाला.

"आणि डीपी?" मी विचारलं.

"डीपीचं डीपी बघंल. अर्थिंगचा खड्डा तर खांदलेलाच हाय. कापूस मोडू दे, मग बोलू."